माहेरच्या नावाचा रकाना

चिटणीस बाईंनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं. पुढे वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्या एका प्रश्नात मी काही पास झालो नाही.

सयाजीगंजातल्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झालो तेव्हा बाई विभागप्रमुख होत्या. मी नियुक्तीचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलंच नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मोहिते काय? बसा. तुमच्या आईची आई कुठली?"

"वाईजवळची," मी म्हणालो.

"तिची आई?"

ते मला माहीत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी वरिष्ठांसमोर गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून छाती जरा पुढे काढून सांगितलं, की आमच्या घराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ घरी लिहून ठेवलेली आहे, आमचे पूर्वज सरकारच्या फौजेबरोबर बडोद्याला आले, वगैरे.

"अकरा पिढ्या? वा. त्यात बायका किती?"

मी मनातल्या मनात वंशावळ वरून खाली वाचली. एकही नव्हती.

"म्हणजे अकरा पुरुष एकापासून एक आपोआप झाले," बाई म्हणाल्या. "मोहिते, तुमचं घराणं जीवशास्त्राला धरून नाही. या उद्यापासून."

हे त्यांनी जराही न हसता सांगितलं. बाई विनोद करत असत, पण तो विनोद आहे हे आपलं आपण ओळखायचं असे.

ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला बारा महिने खडूची भुकटी आणि हातात बारा महिने छत्री. बडोद्याच्या उन्हापावसाला छत्री लागतेच, पण बाईंची छत्री वर्गात नकाशा दाखवायला आणि मुलांच्या बाकावर ठोकायलाही उपयोगी पडे. लग्न केलेलं नव्हतं. अलकापुरीत एका गुजराती कुटुंबाच्या बंगल्यात वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. आजूबाजूचे बंगले पाडून तिथे शॉपिंग सेंटरं उभी राहत होती, हॉटेलांच्या काचा चमकायला लागल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती. बाई त्यातून छत्री टेकत रोज चालत कॉलेजला येत. वाटेत स्टेशनजवळच्या गाडीवर उभ्या राहून सेव-उसळ खात आणि त्या गाडीवाल्यालाही विचारत, "तमारी बानां बा क्यांनां?" त्यानं पहिल्यांदा सांगितलं डभोईची. महिन्याभरानं तोच आपण होऊन म्हणाला, "बेन, घरे पूछ्युं. एमनी बा छोटाउदेपुरनी हती." त्या दिवशी बाईंनी दोन प्लेट खाल्ल्या.

टेबलावर त्यांचा एक पितळी पेला असे. लहानसा, काठाला थोडा पोचा आलेला. त्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी ठोकून नाव घातलेलं होतं: गोदा. बाई पाणी त्यातूनच पीत. शिपायानं एकदा तो इतर ग्लासांबरोबर धुवायला नेला, तर स्वतः नळावर जाऊन उभ्या राहिल्या. मला वर्षभर वाटत होतं की गोदा कुणी मोलकरीणबिलकरीण असेल. विचारल्यावर म्हणाल्या, "माझी आई. घरात सगळे इंदिरा म्हणायचे. ते सासरचं. मी दोन वर्षांची असताना गेली. हा पेला आणि पेल्यावरचं नाव, एवढंच तिचं माझ्याकडे आलं."

"एवढंच" म्हणून त्या थांबल्या, आणि मग छत्रीचं टोक जमिनीवर आपटून म्हणाल्या, "आणि तंतुकणिका."

हा त्यांचा आवडता विषय. पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक कण असतात, पेशीला ताकद पुरवण्याचं काम करतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि तो मुलाला फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. बापाचा त्यात काही संबंध नाही. "लोणच्याची कृती जशी आईकडून मुलगी उतरवून घेते," बाई वर्गात सांगत, "आणि उतरवताना शेदोनशे पिढ्यांत एखाद्या ठिकाणी चमच्याचा दीड चमचा होतो, तसं. तो दीड चमचा ज्यांच्या ज्यांच्याकडे सापडेल, त्या सगळ्या एकाच बाईच्या लेकी." मग फळ्यावर आफ्रिका काढत. तिथून एक रेघ समुद्राच्या काठाकाठानं अरबस्तानाकडून आपल्याकडे आणत. पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी काही बाया पोरं कडेवर घेऊन चालत चालत इथवर आल्या, इथे त्यांच्या लेकींना लेकी झाल्या आणि त्या एका फांदीला शेकडो फांद्या फुटल्या, हे त्या अशा सांगत की जणू त्या बाया आत्ताच प्रतापनगरच्या फाटकापर्यंत पोचल्या आहेत. ही माहिती तेव्हा नवी नवी होती. आमच्या पाठ्यपुस्तकात तिचा पत्ता नव्हता.

मग त्या वर्गातल्या मुलामुलींना एका रांगेत हात धरून उभं करत. मुलगी असली की तिच्या पुढे आणखी कुणी उभं राहायचं. मुलगा आला की बाई त्याच्यापुढे छत्री आडवी धरत. "शेवटचं स्टेशन. गाडी इथून पुढे जात नाही."

एका टग्यानं विचारलं होतं, "तो बेन, अमे साव नकामा?"

"बिनकामाचा नाहीस, भाई. तू पण आईचीच गाडी घेऊन आलास. फक्त पुढे कुणाला देता येणार नाही."

वर्ग हसला. बाईही हसल्या. आज तो हशा आठवला की मला बसवत नाही.

कारण ती छत्री बाईंनी स्वतःपुढेच आधी धरलेली होती. त्यांना मूल नव्हतं. सख्खी बहीण नव्हती. आईचे आई आणि वडील, दोघेही धारला एकाच साथीत गेलेले. आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई स्वभावानं चांगली होती, पण त्या घरात गोदाच्या माहेरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. राहिली होती ती फक्त एक मावशी. गोदाची धाकटी बहीण, मथुरा. तिला कुणा चुलत्यानं वाढवलं आणि रेल्वेतल्या कुणा मुलाला देऊन टाकली. कोणत्या गावी, काय आडनाव, कुणाला माहीत नाही. आणि लग्नात तिचं नावही बदललं असणार. बाईंनी तरुणपणी धारला जाऊन शोध घेतला, रेल्वेतल्या मराठी लोकांना पत्रं लिहिली. मथुरा नावाची बाई कुठेच सापडली नाही, कारण मथुरा नावाची बाई आता कुठेच नव्हती.

"मला तिच्याकडून फार काही नको आहे," त्या मला एकदा म्हणाल्या. "आजीचं नाव हवंय. माझ्या आईच्या आईचं. पन्नास हजार वर्षांपूर्वीची आई मी फळ्यावर काढते, मोहिते, आणि माझी तिसरी पायरी रिकामी आहे. मथुरामावशी जिवंत असेल तर ते नाव फक्त तिला माहीत असणार. आणि तिला लेक असली, नात असली, तर गाडी पुढे गेली म्हणायची."

म्हणून हे सगळं विचारणं होतं. लोकांना वाटे बाईंना छंद आहे.

माझ्या लग्नाला बाई आल्या त्या थेट बोहल्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. ताटात तांदूळ पसरून भटजींनी माझ्या हातात अंगठी दिली आणि मी तांदळांत बायकोचं नवं नाव लिहिलं, मृणालिनी. माझ्या मोठ्या बहिणीनं ठरवलेलं होतं, मला विचारलं तर मृणालिनी कशी लिहायची हेसुद्धा नीट येत नव्हतं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. बाई वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "आणि काल काय नाव होतं?" ती म्हणाली, "लता." बाईंनी पिशवीतून छोटी डायरी काढून तिथेच लिहून घेतलं. आमच्या बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढे बायको मला म्हणे, "साऱ्या बडोद्यात त्या एकट्याच मला लता म्हणतात हो." मी मात्र कधी म्हटलं नाही. सवयच नव्हती.

नव्वदच्या दशकात 'बायोटेक' हा शब्द गावभर झाला. मुलं प्राणिशास्त्र सोडून तिकडे पळायला लागली, आणि आमचा विभाग जागा आणि पैसा दोन्हींसाठी इतरांकडे तोंड वेंगाडायला लागला. त्याच सुमाराला दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं ठिकठिकाणच्या कॉलेजांकडून रक्ताचे नमुने मागवले. मातृवंशाचा अभ्यास होता. बाईंना आनंद असा आवरेना, की त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. शेवटच्या वर्षाच्या मुलांची संमतिपत्रं घेतली, त्यांचे नमुने गोळा केले आणि स्वतःचाही एक घातला. प्रत्येक नमुन्याबरोबर विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये एक तक्ता भरायचा होता. आई, आईची आई, तिची आई. प्रत्येकीपुढे दोन रकाने: सासरचं नाव आणि माहेरचं नाव, त्याखाली माहेरचं गाव.

हे दोन रकाने बाईंचे. प्रयोगशाळेनं मागितलेले नव्हते. मुलं पहिला रकाना भरून आणत आणि दुसऱ्यात तेच नाव पुन्हा लिहीत, नाहीतर कोरा सोडत. आपल्या आजीला दुसरं काही नाव होतं हे पोरांच्या डोक्यातच येत नसे. बाईंचा हुकूम कडक होता: कोरा रकाना दिसला की जर्नल परत. "घरी जा. आजीसमोर बस. विचार." मला शंभर वेळा बजावून सांगितलं होतं.

जर्नलं तपासायचं काम माझं.

त्या दिवशी पन्नासेक जर्नलांची थप्पी होती. दुसऱ्या दिवशी परीक्षेचं प्रात्यक्षिक, बाहेरचा परीक्षक येणार, आणि चारच्या आत सगळी जर्नलं सही होऊन बाईंच्या टेबलावर जायची होती. उकडत होतं. पंखा नुसता आवाज करत होता. नितीन वैद्य नावाचा एक मुलगा पुढे आला. सरळ, शांत पोरगा. तरसालीहून सायकलनं यायचा. त्याची आई तो शाळेत असताना गेली होती, आईच्या आईनंच त्याला वाढवलं होतं. आजीपुढे सासरचं नाव लिहिलेलं होतं, सुमती. माहेरच्या नावाचा रकाना कोरा, गाव नाही, खालची तिच्या आईची ओळही रिकामी.

"हे काय?" मी विचारलं.

"राहिलं सर. आजीला विचारून येतो उद्या सकाळी. ती जागी असते लवकर."

मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून गेले होते. जर्नल परत द्यायचं म्हणजे सकाळी पुन्हा त्याची वाट बघा, पुन्हा सही, पुन्हा बाईंकडे.

"राहू दे," मी म्हणालो आणि कोऱ्या रकान्यावर बरोबरची खूण केली.

एवढंच मी केलं. कुणाला दुखवलं नाही, कुणाचं काही चोरलं नाही. एका पोराला एक हेलपाटा वाचवला.

त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली. प्रयोगशाळेकडून पत्र नाही, पोच नाही. बाई दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र टाकत. मुलं पास होऊन कुठल्या कुठे गेली. नवे प्राचार्य आले, त्यांनी बाईंना समजावून सांगितलं की आजीचे तक्ते अभ्यासक्रमात बसत नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं आणि तक्ते चालू ठेवले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हा एके दिवशी दुपारी जाड लिफाफा आला. मी समोरच होतो. बाईंनी तो पट्टीनं व्यवस्थित फोडला, यादी काढली आणि नेहमीसारखं छत्रीच्या टोकानं नाही, बोटानं एकेक ओळ वाचायला लागल्या. मध्येच बोट थांबलं.

"मोहिते, सव्वीस नंबर कोण?"

मी रजिस्टर काढलं. "नितीन वैद्य."

"त्याची आणि माझी ओळ एकच आहे."

एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच मला लगेच सांगितलं. एक ओळ शेकडो लोकांतही सापडू शकते. पण प्रयोगशाळेच्या माणसानं खाली हातानं लिहिलं होतं, की या दोन नमुन्यांत एक बदल असा आहे जो त्यांना दुसऱ्या कुठल्याच नमुन्यात दिसलेला नाही. दोघं मातृकुळानं जवळची असावीत, किती जवळची ते यावरून सांगता येणार नाही. बाईंनी कागद खाली ठेवला. पेल्यातलं पाणी प्यायला गेल्या आणि ते यादीवर सांडलं.

"त्याचं जर्नल?"

जुनी जर्नलं कपाटात असत. मी उठलो, शोधल्यासारखं केलं आणि म्हणालो, "सापडत नाही बाई. पण पत्ता आहे रजिस्टरमध्ये. तरसाली." जर्नल दुसऱ्या खणात होतं. मला दिसत होतं.

माझ्या स्कूटरवर मागे बसून बाई तरसालीला निघाल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं स्टेपनी घट्ट धरलेली. मकरपुरा आलं. मग वाऱ्यात मोठ्यानं म्हणाल्या, "मोहिते, मावशी असली तर आता ऐंशीला आली असेल. ऐंशी म्हणजे काही फार नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "ऐंशीची माणसं चांगली खणखणीत असतात." आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. लहान मुलीसारखा झाला होता. मी स्कूटर चालवत राहिलो.

नितीन आता मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. पाळी सकाळची, म्हणून घरी भेटला. दोन खोल्या, दारात तुळस, आत टीव्ही चालू. बाईंना बघून गडबडला, पाया पडला, बायकोला हाक मारली. वर्षादीडवर्षाची मुलगी त्याच्या पायाला धरून उभी होती. बाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या.

"आजी आहेत?" त्यांनी विचारलं.

"आजी गेली ना, बाई. मागच्या दिवाळीच्या आधी. आठ महिने झाले."

बाई खाली बसल्या. नितीनची बायको पाणी घेऊन आली. पेला पितळी होता. लहानसा, बाईंच्या पेल्याच्याच घडणीचा. बाईंनी तो ओठांपर्यंत नेला आणि तसाच थांबवला. मग दोन्ही हातांनी फिरवून उजेडाकडे धरला. पोटावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं होतं: मथुरा.

"आजीचा आहे तो," नितीन म्हणाला. "तिच्या लग्नातला. तुमच्या टेबलावर पण असाच होता ना बाई? मला वाटायचं, सगळ्यांकडे असतो."

बाई पेला फिरवतच राहिल्या. मीच नितीनला यादी जुळल्याचं आणि बाईंच्या मावशीचं सांगितलं आणि विचारलं, आजी माहेरची कुठली. धारची, तो म्हणाला. लहानपणीच आईबाप गेले. एक मोठी बहीण होती, गोदाताई म्हणायची, तीही लवकर गेली. "तिची एक मुलगी इथे बडोद्यात आहे असं आजी सारखं म्हणायची. विमी. आजोबा निवृत्त होऊन आम्ही इथे राहायला आलो तेव्हा एकदा दांडिया बाजारापर्यंत जाऊन आली. तिथलं विमीच्या वडिलांचं घर विकलेलं निघालं. पुढे म्हणाली, वडिलांनी दुसरा संसार मांडला, त्या मुलीला आता आपण कशाला आठवत असू. मला काय ठाऊक बाई, विमी म्हणजे तुम्ही. कॉलेजात सगळे चिटणीस बाईच म्हणायचे."

बाईंचं नाव विमल.

"नितीन," बाई फार हळू बोलल्या, "मथुरामावशीनं तिच्या आईचं नाव कधी काढलं होतं?"

त्यानं खरंच आठवून बघितलं. चांगला मुलगा होता, डोळे मिटून आठवत राहिला.

"ती आईच म्हणायची, बाई. माझी आई असं करायची, माझी आई तसं म्हणायची. नाव नाही घेतलं कधी." मग एकदम माझ्याकडे वळून, अगदी सहज, "त्या तक्त्याच्या वेळी विचारणार होतो मी. तेव्हा विचारलं असतं तर सगळंच सांगितलं असतं तिनं, तिला असं बोलायला फार आवडायचं. पण सर म्हणाले राहू दे."

टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती. मी जमिनीकडे बघत होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी मान वर केलीच नाही.

नितीनला बहीण नव्हती. मथुराला एकच मुलगी, ती नितीनची आई, ती गेलेली. म्हणजे पन्नास हजार वर्षं लेकीच्या हातून लेकीच्या हाती आलेलं जे काही होतं, ते आता या दोघांत उरलं होतं, साठीच्या घरातल्या एका अविवाहित बाईत आणि तरसालीच्या या पोरात. नितीनलाही ते उमगलं असावं. त्यानं मुलीला उचलून घेतलं आणि विचारलं, "बाई, हिच्यात नाही ना आलं आमचं?"

"नाही, बाळ," बाई म्हणाल्या. "ती तिच्या आईच्या वाटेनं आली."

त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. नितीनची बायको दाराशी उभी होती. मी वाट बघत होतो, आता विचारतील, तुझ्या आईची आई कुठली म्हणून. त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते न विचारता कुणाच्या घरातून निघताना मी पहिल्यांदाच बघितलं. नितीन पेला देऊ करत होता, घेऊन जा म्हणून. नको म्हणाल्या.

अलकापुरीत त्यांच्या फाटकाशी स्कूटर थांबवली तेव्हा मी धीर करून म्हणालो, "बाई, त्या दिवशी ती खूण मी..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "जर्नल मी मघाशी बघितलं, तुम्ही स्कूटर काढायला गेलात तेव्हा. दुसऱ्या खणात होतं. तुमच्या खुणेची शेपटी लांब असते." फाटकाची कडी काढता काढता पुढे म्हणाल्या, "चारची घाई मीच लावली होती, मोहिते."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी रडून मोकळा झालो असतो. त्यांनी घाईचा दोष स्वतःकडे घेतला आणि जिना चढून गेल्या. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या टेबलावरचा पेला दिसेना. स्टीलचा ग्लास आला. मला वाटलं, हरवला. पुढे नितीन एकदा स्टेशनसमोर भेटला तेव्हा कळलं. बाई एकट्याच सिटी बसनं तरसालीला गेल्या होत्या. फळीवर मथुराच्या पेल्याशेजारी गोदाचा पेला ठेवला, दोन मिनिटं उभ्या राहिल्या, चहा न घेता निघाल्या.

घरी मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या आईच्या आईचं नाव तुम्हाला माहीत आहे?" मला नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

बाईंना मी शेवटचं कामावर बघितलं ते त्या निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यात. पुढे त्या पुण्याला सावत्र भावाकडे गेल्या, तिथून चारदोन पत्रं आली, मग तीही थांबली. पण मला आठवतो तो तोच दिवस. प्रात्यक्षिकांची गडबड होती. मी कपाटाजवळ स्लाइडी मोजत होतो. शेवटच्या वर्षाची एक मुलगी जर्नल छातीशी धरून धावत आली. धाप लागली होती, चेहरा फुललेला. त्या वर्षी बाईंनी तक्ते दिलेच नव्हते; जुन्या मुलामुलींकडून ऐकून तिनं तक्ता आपण होऊन काढला होता.

"बाई, पाच नावं मिळाली! माहेरची पण, सगळी. आणि सहावं पण मिळेल. माझ्या आजीची मावशी पादऱ्याला आहे, एकदम म्हातारी झालीये, पण तिला सगळं याद आहे. उद्या सकाळच्या बसनं जाऊन विचारून येऊ?"

बाईंनी जर्नल समोर ओढलं. पानं उलटली नाहीत. पाच नावं वाचली नाहीत. स्टीलच्या ग्लासातलं पाणी प्यायल्या, पेन उघडलं, जिथे सही करायची तिथे सही केली. सहाव्या रकान्यावर बरोबरची खूण केली. माझ्यासारखीच, लांब शेपटीची.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उतरला. जर्नल घेऊन ती गेली. मला तिला हाक मारायची होती, सांगायचं होतं की आजच जा, आत्ता जा, उद्याची वाट बघू नकोस. हातातल्या स्लाइडी ठेवून मी बाहेर येईपर्यंत ती जिना उतरून गेली होती. परत आलो तेव्हा बाई पुढच्या जर्नलवर सही करत होत्या.